न चाखता घेतलेलं मशीन

नसरापुरात कुमारशेठच्या दुकानात, मिक्सर आणि शेगड्यांच्या दाटीत, घरगुती एस्प्रेसोची तीन मशीनं मांडली होती; आणि मोहसीन त्यांतलं एक, कॉफी न चाखताच, निवडणार होता. उमेदीची वर्षं त्यानं दुबईच्या हॉटेलात कॉफी करण्यात घालवलेली. एरवी हा गडी चव घेतल्याशिवाय दूधसुद्धा विकत घ्यायचा नाही.

पण अब्बांची बरसी तोंडावर आली होती. अब्बा म्हणजे मौलाली. भोरच्या लग्नांत वाफेची फेसाळ कॉफी पाजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंदा फातेहाला, त्यांच्या नावानं दुआ पढताना, त्यांची आवडती कॉफी ठेवायची होती, आणि फातेहाच्या जिनसेला आधी कुणी तोंड लावायचं नाही, हा घरचा शिरस्ता; लावलं तर तोही मेलेल्यांच्या पंगतीतला. तेव्हा नव्या मशीनची पहिली चव अब्बांची, असं अम्मीनं बजावलं होतं. तिचा शब्द मोडायची मोहसीनची छाती नव्हती. अब्बा गेल्यापासून तिनं जेवण टाकल्यातच जमा होतं. दंड मुठीत मावायला लागला होता. या निमित्तानं तिनं चार घास खावेत, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता.

पहिलं मशीन दिसायला नखरेल, पण सुरू केलं की थरथरत टेबलावरून चालायलाच लागलं. दुसऱ्याच्या वाफेत दम नव्हता. तिसरं सारोळ्याच्या बंद पडलेल्या हॉटेलातून आलेलं, जुनं, जड. त्याचा दांडा हातात नीट बसला, वाफ सरळ आली, काळ्या धारेवर तांबूस साय धरली. मोहसीन वायर बघायला वाकला आणि उठला, तर कप अर्धा झालेला.

"चाखली का काय, शेठ?"

"म्या? मला चहाबिगर काय चालत न्हाई."

मोहसीननं कप उचलून बूड पाहिलं. कोरडं होतं. कुमारशेठनं न मागताच किंमत उतरवली आणि मशीन स्वतः टेम्पोत चढवलं.

बरसीला लोबान पेटला, कप ठेवला, दुआ झाली. डोळे उघडले तेव्हा कपाच्या तळाशी नुसता काळा गाळ होता. आणि अम्मी जेवायला बसली. दोन चपात्या खाल्ल्या तिनं. मोहसीनला आनंदानं रडू आलं. कपाचा विषय त्यानं काढला नाही.

मग रोज कप ठेवायचा, आणि तो रिकामा झाला की अम्मी जेवायची. तिच्या गालांवर मांस दिसू लागलं. मोहसीनची बायको हुमा सुरुवातीला बिचकायची, पुढं तीही कप विसळायला शिकली.

एके सकाळी पुण्याहून नवी भुकटी आली. हाताला सवय दुबईची. अब्बांसाठी भरलेल्या कपातला घोट त्यानं कधी घेतला, त्याचं त्यालाच कळलं नाही. वळून पाहिलं तर अम्मी दारात उभी. 

त्या दिवशी कप तसाच राहिला. अम्मीनं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा कप धुऊन भरला, माफी मागितली. तोही तसाच. अम्मीनं पाणीही घेतलं नाही.

मोहसीन घाबरला. भुकटीच खराब असेल म्हणून त्यानं स्वतःसाठी वेगळा कप काढला. घोट घेतला. चव नव्हती.

पुन्हा घेतला. घोट घशाखाली उतरला, पण गरम का गार तेही कळेना. कप काठोकाठ.

तो घटाघटा पीत सुटला.

कप काठोकाठ.

त्यानं हुमाला हाक मारली. ती लगबगीनं आत आली, तिथं कुणी नसल्यासारखा त्याच्या अंगावरून हात लांबवून तिनं कपाला बोट लावलं आणि कॉफी मोरीत ओतली.

"पार गार झालीया. अम्मी, कप भरून ह्ये कुठं गेलं?"

"हितंच हाय," ताटापाशी बसलेली अम्मी मोहसीनच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "आजपासनं दोन कप ठेव."

आणि तिनं ताट पुढं ओढून चपातीचा तुकडा मोडला.