मेणात टिकलेलं

मेणाचा पातळ काप ब्रशच्या टोकावर उचलताना बोटोंद श्वास रोखून धरत असे. किती वेळ, तेही स्मारांदाने मोजलं होतं. नऊ सेकंद. काप कोमट पाण्यावर अलगद पसरला, की मगच तो श्वास सोडी.

ही सवय तिला पहिल्याच दिवशी कळली, कारण पहिल्याच दिवशी तिने ती मोडली होती. रुमानियातल्या क्लुज शहरातल्या त्या इस्पितळाच्या तळघरात रुग्णांच्या गाठींचे जुने नमुने मेणाच्या वड्यांत जपलेले होते; बोटोंद त्यांचे काप काढून देई. आपल्या संशोधनासाठी ते मागायला ती गेली, दार ढकललं, वारा आत शिरला आणि ब्रशवरचा काप उडून थेट तिच्या कॉलरवर बसला.

“हलू नका!” तो ब्रश घेऊन पुढे आला. अगदी जवळ.

“अहो, पण—”

“बोलूही नका. श्वासाने उडेल.”

काप निघाला. तिने विचारलं, “आता बोलू?”

“आधी दार लावा, डॉक्टरबाई.”

ती शोधत होती एक मायक्रो-आरएनए. बावीस अक्षरांची इवलीशी साखळी, पेशीला ‘पुरे, आता वाढू नकोस’ असं बजावणारी. ती हरवली तर पेशी मोकाट सुटते, अशी तिची अटकळ होती. बशीत वाढवलेल्या पेशींत तसं दिसलंही होतं, पण माणसांत? जुन्या मेणात काही उरलेलं नसतं, असं सगळे म्हणाले. बोटोंद तेवढा म्हणाला, “देतो कापून. मोठं तुटतं. बारीक टिकलंही असेल, कुणी सांगावं?”

मग रोजच ती तळघरात उतरू लागली. शरद आला, अंगणाअंगणांतून मिरच्या भाजल्याचा वास येऊ लागला, तोवर ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं. तो हंगेरियन, घरची ‘पोगाचा’ नावाची खारट बिस्किटं आणी; ती भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का.

“आई विचारत होती, ही रुमानियन मुलगी झाकुस्का स्वतः करते की विकत आणते?”

“आईने विचारलं, की तू?”

बोटोंदचे कान लाल झाले. “आईनेच... बहुतेक.”

अशातच नेदरलँड्समधल्या युत्रेख्तच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. दोन वर्षांसाठी बोलावणं, उत्तर चौथ्या शुक्रवारपर्यंत. तिला ते काम मनापासून हवं होतं. पण हे जे तळघरात रुजत होतं, ज्याला अजून नावही नव्हतं, ते इतक्या लांबून जगेल? तीन आठवडे ती उत्तर लांबवत राहिली.

“तुला काय वाटतं?” तिने एकदा विचारलं.

“जा ना.” त्याने मान वर केली नाही. “डॉक्टरबाईंना सांगायचं तर, जा. स्मारांदाला सांगायचं तर...”

“तर?”

“तर काप बिघडेल. बोलू नकोस.”

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी निकाल हाती आले. चाळीस वड्या, सगळ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या. लांब साखळ्यांचा पार भुगा झालेला, आणि ती चिमुकली साखळी मात्र धडधाकट! गाठीच्या कडेच्या निरोगी पेशींत ती भरपूर होती. गाठीत मात्र जवळजवळ नव्हतीच. चाळिसांपैकी छत्तीस जणांत हेच. अजून पुष्कळ तपासायचं होतं, पण वाट खरी होती.

ती जिने धावत उतरली. दाराशी थबकली. वारा शिरू नये म्हणून दार हळूच उघडलं.

“टिकलंय!” ती म्हणाली. “तू म्हणालास तसंच. बारीक टिकलंय, बोटोंद!”

तो हसला. मग हसू मावळलं. “आणि... उद्याचं उत्तर?”

ब्रश टेबलावर पडला होता. काप काढायचं यंत्र बंद होतं. तरीही त्याने श्वास रोखला होता. सवयीने तिची नजर घड्याळाकडे गेली. सात... आठ... नऊ... दहा... अकरा...

“श्वास घे, वेड्या!” तिने हातमोजा काढला आणि त्याचा हात हातात घेतला. “पंचवीस वर्षं मेणात ते तुटलं नाही, मग आपलं दोन वर्षांत काय तुटतंय? मी जाणार आहे. आणि परत येणार आहे... तुझ्याकडेच.”