चालीचा तिसरा भाग

जवळ सरका, आणखी जवळ. देवाचं गाणं मोकळं बसून ऐकावं, पण अशी गोष्ट खेटून ऐकावी.

एका गल्लीत सिनेगॉग होतं, यहुद्यांचं प्रार्थनाघर. तिथं चष्मेवाले प्रार्थना गायचे. आठवडाभर दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या आणि शुक्रवारी सूर्य कलला, शब्बाथचा पवित्र दिवस लागला की गायचं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, उरली नुसती कुजबुज. गाण्याच्या जागी वाचन आलं आणि माणसं पांगली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढेही जमेनात.

"भावोजी, हा शेवटचा शब्बाथ. नंतर कुलूप," सेक्रेटरी म्हणाला. तो त्यांच्या दिवंगत बायकोचा धाकटा भाऊ. "भिंतींना प्रार्थना ऐकवून काय करायचं?"

"भिंती निदान जांभया देत नाहीत. तू देतोस."

"घसा फाडून घ्याल!"

"घसा माझा. आणि देव बहिरा नाही. बस."

त्यांनी टेबलावर तळवा आपटला, पुन्हा आपटला, आणि जुनी, शब्द नसलेली चाल धरली. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

चालीचे दोनच भाग सगळ्यांना ठाऊक. तिसरा त्यांच्या बायकोनं रचला होता, आजारपणात, उशीवरून फक्त त्यांच्या कानात.

दार ढकलून बेकरीवाला आत आला. गातच आला. पाठोपाठ नर्सबाई, मग प्लंबर आणि त्याचे भाऊ.

"हाक मारलीत ना, चष्मेवाले?" बेकरीवाला म्हणाला. "चौकापर्यंत तुमचा आवाज येत होता. पूर्वीचा."

बाकं भरत गेली. दहा कधीच ओलांडले. दुसरा भाग संपला. चष्मेवाल्यांचा तळवा थांबला.

गाणारे थांबले नाहीत. सगळ्यांनी तिसरा भाग उचलला.

सेक्रेटरीही गात होता. डोळे विस्फारलेले. मोठ्या कष्टानं त्यानं तोंडावर हात दाबला.

"भावोजी, मला हे येत नाही. ताईनं कधी शिकवलंच नाही."

एकेक जण गप्प झाला.

चाल चालूच राहिली.

वरून. पूर्वी बायका बसायच्या त्या सज्ज्यातून. त्याचा जिना मोडून काढल्याला वर्षं झाली होती.

"वर कोण आहे?"

चष्मेवाल्यांनी मान वर केली नाही. तळवा उचलला.

"आपल्यातलंच आहे. पुन्हा, पहिल्यापासून. गा!"

भीत भीत, पण सगळे गायले.

कुलूप काही लागलं नाही. दर शुक्रवारी बाकं भरतात. तुम्ही गेलात तर तिसऱ्या भागाला चष्मेवाल्यांच्या बायकोची आठवण ठेवा.

हल्ली वर ती एकटी नसते. तळवा आपटल्याचा आवाजही आता वरूनच येतो.