डावी भुवई

चष्म्याच्या काडीचा स्क्रू निसटला तो नेमका काम रंगात आलेलं असताना. रफूवालीचा चष्मा म्हणजे तिचे अर्धे हात! गिऱ्हाइकाचा कोट तसाच टाकून ती मागच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

चष्मेवाला तरुण होता आणि बोलका होता. त्याने स्क्रू बसवला, चष्मा तिच्या नाकावर ठेवला, काड्या हलकेच कानांमागे सारल्या.

"भुवई खाली ठेवा. फ्रेम हलतेय."

डावी भुवई आणखी वर गेली.

"रागावलात?"

भुवई खाली आली. नाही.

"घाईत आहात?"

वर.

"आणि मी फार बोलतो...?"

आता ती इतकी वर गेली की त्यालाच हसू फुटलं.

"झालं का?" तिने विचारलं. मिटल्या दातांमधून.

सहा वर्षांची असताना ती जिन्यावरून हनुवटीवर आपटली होती. हनुवटी बरी झाली, पण डाव्या कानापुढचा जबड्याचा सांधा हळूहळू हाडाने जुळून गेला. तेव्हापासून एकोणीस वर्षं तिचं तोंड सपाट चमचा जाईल एवढंच उघडायचं. खाणं सगळं कुस्करलेलं, पातळ. बोलणं ऐकून लोक पहिल्यांदा दचकत, मग कीव करत. तिने म्हणूनच शब्द कमी केले होते आणि बाकीचं सगळं त्या भुवईवर सोपवलं होतं.

चष्मेवाला दचकला नाही. "झालं," तो म्हणाला. "पण चार दिवसांनी दाखवून जा. नवा स्क्रू आहे, भरवसा नाही."

स्क्रू इतके बेभरवशाचे नसतात हे त्याला ठाऊक होतं. चार दिवसांनी ते तिलाही ठाऊक झालं. तरी ती गेली. मग दर आठवड्याला जाऊ लागली, आणि 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते त्या दोघांनाही कळलं नाही. ती मात्र त्याला 'तुम्ही'च म्हणत राहिली. चार महिन्यांत तो तिच्या भुवईची एकूण एक खोडी शिकला. ती अर्धवट उचलली की 'बघू', थरथरली की 'हसवू नका'.

"जगात एवढे चेहरे मोजतो मी," एकदा तो म्हणाला, "पण असं बोलणारा एकच."

ती लाजली. आईशिवाय तिला इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं.

त्याच सुमारास सरकारी रुग्णालयात जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी तिच्या जबड्याचे एक्स-रे पाहिले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "कानापुढे चीर देऊन जुळलेलं हाड काढायचं. पुन्हा जुळू नये म्हणून मधे कानशिलाचा स्नायू बसवायचा. तोंड उघडेल. पण भुवई उचलणारी नस त्याच वाटेने जाते. ती दुखावली, तर भुवई हलणार नाही. बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते. कधीकधी नाही सुधारत."

"आणि नाहीच केलं तर?"

"दात आतून किडताहेत, तिथे हात पोचत नाही. उद्या उलटी घशात अडकली, तर आम्हीसुद्धा हात चोळत बसू."

रुग्णालयातून ती थेट दुकानात गेली. घरी सांगायच्या आधी. त्याच्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं, एवढं सलग ती कधीच बोलली नव्हती. तो ऐकत होता... आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "भुवईला काही झालं तर?"

ती खुर्चीवरून उठली.

"म्हणजे... थोडं थांबून बघितलं तर?"

"एकोणीस वर्षं थांबलेय," ती दातांमधून म्हणाली. "तुम्हाला मी नकोय. तुम्हाला माझी भुवई हवीय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो काही बोलणार, तोवर दार लागलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी आरसा मागितला. कानापुढे टाके होते, गाल सुजला होता. तिने भुवया उचलून पाहिल्या. उजवी गेली. डावी पडून राहिली. आईने आरसा काढून घेतला आणि तिचा हात हातात धरला.

रडायलाही सवड नव्हती. तिसऱ्या दिवसापासून दातांमध्ये पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक रचायच्या, दिवसातून सहा वेळा, डोळ्यांना धारा लागेपर्यंत. नाही केलं तर सांधा पुन्हा जुळेल, डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आठ पट्ट्या, मग दहा, मग चौदा. पण चष्मा लावता येईना. काडी नेमकी जखमेवर घासे, आणि चष्म्याशिवाय सुई म्हणजे आंधळी कोशिंबीर. शेवटी तिला न विचारता आईच चष्मा घेऊन दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी चष्मा परत आला. डावी काडी त्याने तापवून कमानीसारखी वाकवली होती, व्रणाच्या वरून जाईल अशी, आणि आतून मऊ कापड लावलं होतं. तिचा चेहरा समोर नसताना, नुसत्या आठवणीवर. तिने चष्मा चढवला. कुठेच टोचला नाही. तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना.

सात आठवड्यांनी ती दुकानात गेली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तो उठून उभा राहिला. त्याची नजर सवयीने तिच्या डाव्या भुवईकडे गेली, तिथेच अडखळली... आणि खाली वळली.

"मला आता कळत नाही तुझ्या मनात काय आहे," तो हळूच म्हणाला.

"मग ऐका." आवाज तिचाच होता, पण मोकळा, गोल. "मला राग आलाय. आयुष्यात मला कुणावर ओरडता आलं नाही. पहिला मान तुमचा. मी जीव वाचवायला निघाले होते आणि तुम्ही विचारलंत भुवईचं! मला भूक लागते, मला घास चावायचाय, हे नाही आलं तुमच्या मनात? रात्ररात्र मी—" जबडा दुखला. तिने गाल धरला.

"थांब. दुखेल."

"दुखू दे! रात्ररात्र मी विचार करायचे, हा माणूस मला ओळखतो की नुसता वाचतो? डॉक्टरबाई म्हणतात, भुवई परत येईल, न येईल. नाही आली तर नाही आली. मी आहे ना? अख्खी?" तिला धाप लागली. "आणि एवढं होऊनही तुम्ही मला आवडता. खूप आवडता. हेसुद्धा रागानेच सांगतेय."

त्याचे डोळे भरून आले होते. मग तो काहीतरी पुटपुटला.

"तोंड उघडून बोला जरा," ती म्हणाली.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला, मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "अख्खी."