सदस्य क्रमांक तीनची तक्रार

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडलेली आहे, कोणाच्या मामेभावाच्या मित्रासोबत नाही.

आमच्या गेमचं नाव मी इथे देणार नाही. दिलं की लगेच खाली कमेंट येतील, "भाऊ, जाहिरात छान जमलीय." ज्याला खोटं वाटतंय त्याने खुशाल इथेच थांबावं.

आणि यात मध्यरात्र नाही, दिवे जात नाहीत, कुत्री रडत नाहीत.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं...

मी कोड लिहितो. दुसऱ्यांच्या गेमसाठी सात वर्षं लिहिला आणि मग डोक्यात किडा वळवळला, स्वतःचा स्टुडिओ काढायचा. स्टुडिओ म्हणजे काय, तर मी आणि माझी धाकटी बहीण. ती चित्रं काढते. शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायची तिची बरी नोकरी होती. मीच तिच्या मागे लागून ती सोडायला लावली.

घरात तिला सगळे खारू म्हणतात, कारण लहानपणापासून ती पेन्सिलींची टोकं कुरतडते. घरातली एक पेन्सिल धड नसते. दुसरी सवय गुणगुणण्याची. चित्र काढताना सतत गुणगुणते. ना सूर, ना शब्द. मी हजारदा ओरडलो असेन, "खारू, तो भुंगा बंद कर!" की ती आणखी जोरात.

आईने एक वर्ष दिलं. वर्षभरात काही जमलं नाही तर दोघांनी निमूट नोकरी धरायची. पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून मला म्हणाली, "तिला जशी नेतोयस तशी परत आण. एकटीला ठेवून कुठे भटकू नकोस."

"आई, मी काय लढाईला नेतोय का तिला?"

हे मी हसत म्हणालो होतो.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली झेरॉक्सचं दुकान, दिवसभर त्याची खटखट. खोलीत दोन टेबलं, एक खिडकी आणि भिंतीला टेकलेलं एक लोखंडी कपाट. कपाट आधीच्या कोणाचं तरी. चावी हरवलेली. घरमालक म्हणाले, "हलवता आलं तर टाकून द्या बिनधास्त. आजवर कोणाकडून हललेलं नाही."

आमचा गेम साधा होता. एका खोलीत माणूस अडकलाय, त्याने बाहेर पडायचं. नवीन खोली कल्पनेने रचत बसायला वेळ नव्हता, म्हणून खारूने टेप घेऊन आमचीच खोली मोजली. इंच न् इंच. टेबलं, खिडकी, कपाट, सगळं जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं. मोजताना ती गुणगुणत होती.

गेममध्ये चुका सापडतात त्या लिहायला आम्ही इंटरनेटवर एक यादी ठेवली होती. खारू तिला तक्रारवही म्हणायची. जो तिथे येतो त्याला आपोआप क्रमांक मिळतो. मी सदस्य १, खारू सदस्य २.

सोमवारी एक नवी तक्रार दिसली.

"दादा, दार सापडत नाही. तुम्ही बघाल का."

खाली लिहिलं होतं, सदस्य ३.

मला हसूच आलं. स्टुडिओ काढल्यापासून खारू माझी अशीच खिल्ली उडवायची. "साहेब, तुम्ही चहा घेणार का?" "साहेब, तुमचा शर्ट उलटा आहे." एरवी मी तिच्यासाठी अरे दादा, तू, आणि भांडण झालं की गाढवा. म्हटलं, बाईसाहेबांनी दुसरं खातं उघडलंय.

मी गेममधलं दार जरा उजळ केलं आणि "झालं" असं लिहिलं.

मंगळवारी पुन्हा...

"ते दार नाही. कपाटामागचं."

मी मान वर केली. खारू तिच्या पडद्यात डोकं खुपसून दार काढत होती. जुनं, लाकडी, खाली झिजलेला उंबरठा. फार सुरेख. मला वाटलं, हिला सुचलंय तर छानच आहे. कपाट सरकवायचं आणि मागे गुप्त दार! मी मुकाट्याने ते गेममध्ये बसवलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. खेळणाऱ्याला जे खटकतं ते खटकतं. वाद घालायचा नाही, दुरुस्त करायचं.

बुधवारी तक्रार आली.

"कडी तुमच्या बाजूला आहे. मला उघडता येत नाही. काढा."

मी कडी काढली.

दोन ओळींचं काम होतं...

आणि मग तो गुरुवार. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचे लोक आमचा गेम बघायला येणार होते. त्यांना आवडला तर आमचं वर्ष सार्थकी लागणार होतं. मी हेडफोन लावून शेवटचं तपासत होतो. कपाट सरकवलं. दारासमोर उभा राहिलो.

खट्.

कडी निघाल्याचा आवाज.

पण कडी तर मी कालच काढून टाकली होती. आणि तिला आवाज कधी दिलाच नव्हता.

"खारू, दाराला आवाज तू लावलास?"

"मी? आवाज तुझं खातं. मी फक्त चित्रं काढते बाबा."

"आणि त्या सदस्य तीनच्या नावाने तक्रारी लिहितेस ते?"

तिची गुणगुण थांबली.

"अरे दादा... त्या तर तू लिहितोयस ना? मला काम सांगायला? म्हणून तर मी दार काढलं."

खाली झेरॉक्सची खटखट चालू होती.

मी यादी उघडली. सदस्य ३ कधी आला ते बघितलं. तारीख होती, ज्या दिवशी खारूने टेपने खोली मोजली त्या दिवसाची.

खारू खरंतर माझ्यापेक्षा धीट. ती उठली आणि कपाटाला खांदा लावला. "चल, बघूया तरी." मी म्हणालो, "हलणार नाही ते." पण ते हललं. रिकाम्या खोक्यासारखं, एका धक्क्यात वीतभर सरकलं.

मोबाईलचा उजेड आत टाकला. मागे भिंत होती. साधी, रंग दिलेली, कुठे भेग नाही. मी सुटकेचा श्वास टाकला.

"दादा, खाली बघ."

भिंतीच्या पायथ्याशी लाकडी उंबरठा होता. मधोमध झिजलेला. अगदी तिने काढला होता तसा.

"तू आधी पाहिला होतास?"

"नाही रे. हात आपोआप काढत गेला."

मी म्हणालो, आवर, घरी जाऊ. ती पेन्सिलीचं टोक कुरतडत म्हणाली, "उद्याचं काय? एक चित्र राहिलंय. दहा मिनिटं दे."

तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. खोलीत रेंज नीट यायची नाही, नेहमी खाली जावं लागायचं.

आईचे शब्द मला आठवले. खरंच आठवले. तरी मी खाली गेलो.

तो माणूस उद्याची वेळ पक्की करत होता. मी बाजूच्या बोळात उभा होतो. बोलता बोलता सहज वर पाहिलं. आमच्या खोलीची ती भिंत बाहेरून दिसत होती. एक पाण्याचा पाईप, बाकी सपाट. खिडकी नाही, दार नाही. दुसऱ्या मजल्यावर, बोळावर, दार असणार तरी कसं?

त्या सपाट भिंतीतून गुणगुण ऐकू येत होती.

ना सूर, ना शब्द...

मग ती मधेच थांबली.

मी फोन तसाच कानाला धरून जिने चढलो. खोलीचं दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. टेबलाखाली खारूच्या चपला होत्या. खुर्ची अजून हलत होती. तिच्या पडद्यावर आमचा गेम चालू होता. त्यातलं कपाटामागचं दार सताड उघडं होतं. आत अंधार.

तक्रारवहीत नवी ओळ होती.

"दार उघडलं. आभारी आहे, दादा. तक्रार बंद करा."

भीतीच्या भरात मी जे केलं त्याबद्दल मी आजही स्वतःला शिव्या घालतो.

मी दार पुसून टाकलं. चित्र, कोड, सगळं. गेममध्ये तिथे पुन्हा साधी भिंत आली.

"काय झालं?"

मी किंचाळलोच. खारू खिडकीपाशी उभी होती. अनवाणी. उन्हात.

"कुठे होतीस तू?"

"इथेच तर आहे." ती हसली. "दादा, तुम्ही किती घाबरलात."

तुम्ही.

मला वाटलं, करतेय मस्करी. इतकं बरं वाटलं मला, की मी रडलो. तिने चपला घातल्या आणि आम्ही घरी आलो. वाटेत त्या चपला तिच्या पायातून दोनदा निसटल्या.

कंपनीच्या लोकांना गेम आवडला. दार नसलेला. आम्ही ती खोली सोडली, चांगली जागा घेतली. सगळं मार्गी लागलं. त्याला आता पाच महिने झाले.

खारू गुणगुणत नाही.

मी एकदा विचारलं. म्हणाली, "घसा बसलाय." पाच महिने?

ती अजून चित्रं काढते. व्यवस्थित, वेळेवर. आई तर खूश आहे. "किती शहाणी झाली बघ माझी पोर. पहाटे उठते, हळू बोलते. तुलासुद्धा अहो-जाहो करते. शीक काहीतरी." मी हो म्हणतो. आईला काय सांगू? जशी नेली होती तशी आणली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

परवा दुपारी मी घरी माझ्या खोलीत कामाला बसलो होतो. आई आणि खारू स्वयंपाकघरात होत्या. दोघींचा आवाज मला येत होता. मोबाईल वाजला. तक्रारवहीत नवी नोंद. ती यादी आम्ही केव्हाच वापरायची बंद केली होती.

सदस्य २.

खारूचं खातं. तिचा जुना लॅपटॉप माझ्याच कपाटात कुलपात आहे.

"अरे दादा, दार कुठे गेलं? तू काढलंस का? पुरे झाली मस्करी. मला इथून नुसती कपाटाची मागची बाजू दिसतेय. हाका मारून मारून घसा दुखला. ये ना रे गाढवा."

आतून आई म्हणत होती, "खारू, ताटं घे." आणि ती म्हणाली, "हो, घेते."

मी जुना गेम उघडला. त्या भिंतीपाशी गेलो, जिथून दार पुसलं होतं. हेडफोन लावले. आवाज पूर्ण वाढवला.

खूप लांबून... भिंतीपलीकडून... तोच भुंगा.

जुन्या दाराची प्रत माझ्याकडे आहे. परत बसवायला दहा मिनिटं लागतात. पण दार उघडलं की तिथून कोण बाहेर येईल आणि त्या बदल्यात कोणाला आत जावं लागेल, हे मला माहीत नाही. स्वयंपाकघरात आई आहे. मी आहे. दोन दिवस झाले, मी नुसता बसून आहे.

ही तक्रार मी कोणाला दाखवलेली नाही. त्या गुरुवारी दार पुसलं, हेसुद्धा कधी कोणाला सांगितलं नाही. घरात दार हा विषयच निघत नाही.

काल संध्याकाळी मी बसलो होतो तिथे ती चहा घेऊन आली. कप ठेवला. तिच्या कानामागे पेन्सिल होती. पाच महिने तीच पेन्सिल, आणि टोकाला दाताचा एक ओरखडा नाही.

जाता जाता ती थांबली आणि अगदी मायेने म्हणाली,

"दादा, ते दार तुम्ही परत बसवू नका हं."