उलटी बाजू लिद्काची

खोटं वाटत असेल तर पोलंडमध्ये आमच्या तोरुनला येऊन बोग्नाला भेटा. बोग्ना माझी सख्खी धाकटी बहीण आहे. तिच्या बाबतीत मी खोटं कशाला बोलू?

दोन नोव्हेंबर होता. मृतांचा दिवस. चार वाजताच अंधारलं होतं.

बोग्नाचा नवरा रादोश. त्याची पहिली बायको लिद्का, ती तरुणपणीच वारली. त्या काळी रादोशकडे कमोडोर कॉम्प्युटर होता आणि लिद्काकडे अटारी. फ्लॉपी दोन्हींत बसायची, पण एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायचं नाही. फ्लॉपी मिळायची मारामार! मग लिद्कानं कात्रीनं एकाच फ्लॉपीला दुसरी खाच पाडली, म्हणजे ती उलटी घालूनही तिच्यावर लिहिता येतं. सुलटी बाजू त्याची, उलटी बाजू तिची.

तिच्या बाजूवर तिनंच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम होता. पडद्यावर यायचं, "कोण आहे?" नाव टाइप केलं की उत्तर यायचं, "ये, रादोश."

बस्स, एवढंच.

पण दर वर्षी याच दिवशी लिद्काच्या कबरीवरून आला की रादोश अटारी लावून ते बघत बसायचा. पुढ्यातला चहा गार व्हायचा.

आणि बोग्ना दारात उभी राहून जळायची.

"मेलेल्या सवतीशी कसली गं बरोबरी करतेस?" मी म्हणायचे.

"जिवंत सवत परवडली, ताई. ही मेली कधी म्हातारीच होत नाही! माझ्याकडे एकदा तरी बघितलंय का त्यानं असं?"

त्या दिवशी रादोश कबरीवर वाहायला शेवंती आणायला बाहेर गेला. बोग्नानं ती फ्लॉपी उलटी करून कमोडोरमध्ये घातली. कमोडोरला लिद्काचं वाचता येत नव्हतं... पुसता मात्र येत होतं.

पुसताना फ्लॉपीला नवं नाव द्यावं लागतं. बोग्नानं ठसक्यात स्वतःचं नाव दिलं.

कबरीवर दिवे लावून दोघं घरी आली. रादोशनं अटारी लावून फ्लॉपी घातली. बोग्ना लिंबाचा चहा घेऊन दारात उभी राहिली. आता याचं तोंड कसं पडतं बघू, असं मनात म्हणत.

कुर्र... कुर्र...

पडदा निळा झाला.

"कोण आहे?"

बोग्नानं दारातूनच पुन्हा वाचलं. पुसलं होतं की! स्वतःच्या हातानं पुसलं होतं!

रादोशनं अजून बोट लावलं नव्हतं. अक्षरं आपोआप उमटायला लागली...

"बोग्ना."

आणि त्याखाली...

"ये, बोग्ना."

रादोश हळूच मागे वळला. त्यानं तिच्याकडे बघितलं. अगदी तसंच... जसं इतकी वर्षं तो पडद्याकडे बघायचा.

"तिथे काय उभी राहिलीस? बस ना जवळ, लिद्का."

बोग्ना हसायला गेली. हसू येईना.

"अहो, शुद्धीवर आहात का? मी बोग्ना!"

त्याचा चेहरा एकदम उतरला.

"आज तरी तिचं नाव काढू नकोस गं. आत्ताच तर तिच्या कबरीवर दिवा लावून आलो आपण."

डॉक्टर झाले, पाद्री झाले. बाकी सगळं त्याला लख्ख आठवतं. फ्लॉपी जाळायची म्हटलं तर बोग्नाच घाबरते. "माझं नाव आहे ना त्यावर, ताई," म्हणते.

एकदा माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "तो आता माझ्याकडे तसंच बघतो गं. हेच हवं होतं ना मला?"

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती.

"बोग्ना!" मी हाक मारली.

ती वळली नाही.

आतल्या खोलीत मात्र... बंद अटारीशेजारी फ्लॉपी फिरायला लागली...

कुर्र... कुर्र...

दुसरी हाक मारायचा मला धीर झाला नाही.