इंद्रसिंगचा उसना आवाज

पोरींनो, या, अशा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेते आणि एक गोष्ट सांगते. गोष्ट प्रेमाची आहे, पण मध्येच अंगावर काटा येईल, आधीच सांगून ठेवते.

अक्कलकुव्याच्या स्टँडवर निशा बसची वाट बघत होती. उन्हाने डांबर मऊ झालेलं. मांडीवर विज्ञानकथांचं पुस्तक, कारण कॉलेजात तिला त्यावरच भाषण करायचं होतं. शेजारी बसलेला मुलगा मान तिरकी करून मुखपृष्ठ बघत होता.

"यातसुद्धा यंत्र माणसाला खातं का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मी मोबाइल दुरुस्त करतो. हे लेखक आमच्या पोटावर पाय देतात ना!"

निशाला हसू आलं. "यंत्र आपणहून नाही येत. माणूसच दार उघडून त्याला आत घेतो... एकटा असतो म्हणून."

"मग... तुम्ही एकट्या आहात?"

"बस आली," ती गडबडून म्हणाली. बस आली नव्हती.

तो काठी गावचा इंद्रसिंग. त्यानंतर निशाच्या बसेस रोज चुकू लागल्या, आणि त्याच्या दुकानाला रोज लवकर कुलूप लागू लागलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं.

पळस फुलला. होळी जवळ आली.

"यंदा मी नाचणार. नवस आहे. उद्यापासून पाळणी," तो म्हणाला. "अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, बाईमाणसाला शिवायचं नाही. फोनही बंद ठेवतो. फारच अडलं तर माझ्या आईला कर." त्याने सोनीबाईंचा नंबर दिला, तिने तो 'इंद्रसिंगची आई' म्हणून फोनात ठेवला.

"म्हणजे तुझा आवाजही नाही?"

"होळीला ये. लांबून बघ."

"लांबूनच?"

"शिवलीस तर नवस मोडेल, बाई!"

चार दिवसांत तिला करमेना. फोनमध्ये एक ॲप होतं. कुणाचंही बोलणं त्याला ऐकवलं की ते हुबेहूब त्याच आवाजात बोलायचं. इंद्रसिंगचे जुने संदेश तिने त्याला ऐकवले. ॲपने काय काय मागितलं, फोनमधले नंबरसुद्धा. ती 'हो, हो' दाबत गेली. मग तिने लिहिलं, आणि फोनमधला इंद्रसिंग उशाशी बोलला, "निशा, जेवलीस का?"

तिच्या पुस्तकातल्या कितीतरी कथा इथेच सुरू होत होत्या. तिला त्या पाठ होत्या. तरी तिने पुन्हा ऐकलं... पुन्हा...

होळीच्या आदल्या दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"निशा, मी. फाट्यावर ये. एकटीच ये, कुणाला सांगू नको. तुझा हात हातात घ्यायचाय गं..."

तिने चपला घातल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, आणि तिथेच थिजला. पाळणीतला इंद्रसिंग हात मागेल?

"तू... कोण आहेस?"

 पलीकडून तोच आवाज, तसाच लाडिक: "निशा, जेवलीस का?"

फोन तिच्या हातून पडला.

दुसऱ्या दिवशी काठीत ढोल घुमत होते. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू, अंगभर पांढरे ठिपके... इंद्रसिंग तिला बघून हसला. ती हसली नाही. चार हात लांब उभं राहून तिने सगळं सांगितलं.

"माझा आवाज... मला न विचारता?"

"रागाव ना माझ्यावर."

"राग नंतर. आत्ता भीती वाटतेय, निशा. तुझ्या फोनात अजून कुणाचे नंबर होते?"

तिने तोंडावर हात ठेवला. "तुझ्या आईचा."

दोघं वळली. सोनीबाई गर्दीतून रस्त्याकडे निघाल्या होत्या, फोन कानाला. "येते रे बाबा, रडू नको, आलेच..." रस्त्याकडेला एक अनोळखी गाडी दार उघडून उभी होती.

"आई! आई, मी इथं आहे!"

ढोलांत काही ऐकू गेलं नाही. घुंगरू वाजवत तो धावला, आईच्या पुढ्यात हात पसरून उभा राहिला. पण तिला धरणार कसा? पाळणी! सोनीबाई फोनच्याच नादात, त्या सोंगातल्या पोराला न ओळखता, वळसा घालून निघाल्या, तोच मागून निशाने त्यांचा हात घट्ट धरला.

"आई, लवकर ये," फोनमधला इंद्रसिंग म्हणाला.

सोनीबाईंनी फोनकडे बघितलं. मग समोरच्या, धापा टाकणाऱ्या पोराकडे.  "अरे देवा... मग हा कोण बोलतोय?"

गाडीचं दार आपटलं. धूळ उडाली. गाडी गेली.



"आणि ही पोर कोण?" सोनीबाईंनी विचारलं.

इंद्रसिंगने निशाकडे बघितलं. राग अजून डोळ्यांत होता, पण त्या रागापलीकडेही काहीतरी होतं. "हिच्यामुळेच हे झालं, आई. आणि... लग्न करीन तर हिच्याशीच. हे तुला फोनवर नव्हतं सांगायचं."

निशा रडत हात सोडवू लागली. आता सोनीबाईंनीच तो धरून ठेवला.

"थांब गं. मन्हे पाय अजून थरथरताहेत. घरापर्यंत धर."

त्या पुढे निघाल्या, निशा सोबत. नवसाचा नवरदेव चार हात मागून, घुंगरू वाजवत.

तो आवाज अजून कुठेतरी फिरतोय, पोरींनो. परत बोलावता येत नाही. ओळखीच्या गळ्याने कुणी तुम्हाला एकटीला बोलावलं, तर घराबाहेर पडण्याआधी रस्त्याकडे निघालेल्या त्या सोनीबाईंची आठवण करा.