विहिरीत उतरलेला गुलमोहर

"उद्याची होडी रद्द," सरस्वतीने अंगणात येऊन सांगितलं. "आजी येत नाही म्हणते."

"पण मी पोहायची चड्डी घालूनच बसलोय," गुरुदत्त म्हणाला.

"मग बस तसाच. आम्हाला काय."

हेमाने लाडवांची पिशवी खाली ठेवली. ती आणि तिचा धाकटा भाऊ गुरुदत्त मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीहून चिंचखारला आले होते, हेमाची वर्गमैत्रीण सरस्वती हिच्या गावच्या घरी. चिंचखार म्हणजे खाडीकाठचा वीस-पंचवीस घरांचा कोळीवाडा. सरस्वतीची आजी आवडाबाई या पोरांना होडीतून खाडी दाखवणार होती, आणि दिलेला शब्द तिने आजवर कधी फिरवला नव्हता.

"झालं काय पण?" हेमाने विचारलं.

"ट्रूडीबाईने तिला आपल्या विहिरीवर येऊ नको म्हणून सांगितलं. विहिरीत मीठ आजी टाकते म्हणे." सरस्वतीने ओढणीचं टोक पिळलं. "तिचा नवरा परवा संध्याकाळी पोलिसात तक्रार देणार आहे. आजी कालपासून जेवली नाही."

ट्रूडीबाई गावाच्या टोकाच्या कौलारू घरात राहायची. तिचा नवरा ऑस्ट्रियाहून शहाडजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. राहायला शहरात जागा मिळत होती, पण ट्रूडीबाईला शांत खेडं हवं होतं. खेडं मिळालं, शांतता काही मिळाली नाही. गावच्या बायका न विचारता तिच्या ओट्यावर येऊन बसत आणि "जेवलीस का?" म्हणून विचारत. पहिले आठ दिवस ती बिचारी प्रत्येकीला पाव कापून देत होती. तिला वाटे, या भुकेल्या आहेत. कावळ्यांनी तिचे तीन साबण पळवले. तिच्या कुंपणावर शेजारणी बोंबील वाळत घालत. टेलिफोनसाठी अर्ज केला तर तीन वर्षं थांबा असं उत्तर आलं. वीज गेली की ती पत्र लिहायला बसे, आणि पत्र संपायच्या आत वीज येऊन पुन्हा गेलेली असे. मराठी ती बाजारात शिकली होती, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना "तू"च म्हणायची. गावाने ते हसून घेतलं होतं.

आवडाबाईचं आणि तिचं मात्र जमलं होतं. विहिरीवर दोघी शेजारी उभ्या राहत, एक टोपल्या धुवायची, दुसरी कपडे. आणि आता हे.

"चला, तिलाच विचारू," हेमा म्हणाली.

ट्रूडीबाई ओट्यावरच होती. डोळे लाल होते. तिने पाण्याचा पेला पुढे केला. गुरुदत्तने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट!"

"महिन्यात दोन वेळा असं. मग थोडं थोडं बरं होतं, मग पुन्हा," ट्रूडीबाई म्हणाली. "कठड्यावर मी मीठ बघितलं. आवडा टोपली धुते, तिच्या टोपलीत मीठ असतं. बांधावरचा धोंडिबापण तेच बोलला. मला आवडा आवडते. पण मीठ मी डोळ्याने बघितलं."

"सुक्या मासळीच्या टोपलीत मीठ असणारच," सरस्वती फणकारली. "चार खड्यांनी अख्खी विहीर खारट होते का?"

हेमाचं लक्ष भिंतीला टांगलेल्या जाड वहीकडे गेलं होतं. "ही कसली?"

"माझी रागाची वही. राग आला की मी लिहिते, मग ओरडत नाही."

वहीतली भाषा कुणाला कळेना, पण ट्रूडीबाईने प्रत्येक रागाशेजारी चित्र काढलं होतं. साबण नेणारा कावळा, विझलेला दिवा, फाटकात अडकलेली म्हैस. आणि चार ठिकाणी विहीर. हेमाने त्या तारखा तळहातावर उतरवून घेतल्या: तीन एप्रिल, सतरा एप्रिल, दोन मे, सोळा मे.

"मीठ टाकणारा फार शिस्तीचा दिसतो," ती पुटपुटली.

घरी आवडाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हेमाने तारखा वाचून दाखवल्या. आवडाबाईला इंग्रजी तारखांशी देणंघेणं नव्हतं, पण आजपासून किती दिवस मागे ते सांगितलं की त्या दिवशीची तिथी नि मासळी तिला पक्की आठवे. ती अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवू लागली आणि एकदम उठून बसली.

"पुनवेचा दुसरा दिस. अवसेचा दुसरा दिस. परत पुनव, परत अवस." ती पोरींकडे बघत राहिली. "अगो, ही तर उधाणं झाली. पुनवेला नि अवसेला खाडीला सगळ्यांत मोठी भरती येते. मग दुसऱ्या दिशी विहीर खारी होते व्हय?"

"म्हणजे खाडी विहिरीत येते?" गुरुदत्तचे डोळे मोठे झाले.

"कशी येईल? मधे बांध हाय, बांधाला उघाडी हाय. उघाडी सांभाळायला धोंडिबा हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, ओहोटीला, तिघं बांधावर गेली. तिवरांच्या झाडीत, दगडी बांधाच्या पोटात एक चौकोनी भोक होतं आणि त्यावर बाहेरच्या बाजूने जाड लाकडी झडप टांगलेली होती. हीच उघाडी. सरस्वतीने समजावलं, "भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. माणसाने हात लावायला नको."

हेमा बघतच राहिली. कुलूप नाही, यंत्र नाही. पाणीच दार लावतं आणि पाणीच उघडतं. किती वर्षांपूर्वी, कुणी हे असं योजून ठेवलं असेल?

"पण मग हा दगड कशाला?" गुरुदत्त वाकून म्हणाला.

झडपेच्या फटीत डोक्याएवढा दगड ठोकून बसवला होता. झडप वीतभर उघडीच राहिली होती. आतल्या बाजूला दोन खुंट्या होत्या आणि एका खुंटीला जाळ्याचा तुकडा अडकला होता.

सरस्वतीच्या सगळं ध्यानात आलं. "भरतीबरोबर बोयटी, कोळंबी आत घ्यायची. ओहोटीला इथे जाळं लावायचं. घरबसल्या मासळी. आणि नाव माझ्या आजीचं." ती दगड उपसायला धावली.

हेमाने तिचा हात धरला. "थांब. काढलास तर तो म्हणेल, दगड नव्हताच. बघ, तो जुना नाला कुठे जातो."

नाला बांधापासून निघून थेट ट्रूडीबाईच्या विहिरीला चिकटून गेला होता. विहिरीच्या कडेचे दोन दगड ढासळले होते. रोजची भरती तिथवर पोचत नसे. उधाणाची पोचत असणार, तीही दुपारी, जेव्हा सगळं गाव दारं लावून झोपलेलं असतं. संध्याकाळपर्यंत नाला पुन्हा रिकामा.

"उद्या पुनव आहे," सरस्वती हळूच म्हणाली. तिची नजर बांधावरच्या गुलमोहराकडे गेली. झाड लालभडक पेटलं होतं. "गुरू, तुला झाडावर चढता येतं ना?"

पौर्णिमेच्या दुपारी सगळा कोळीवाडा विहिरीभोवती जमला होता. सरस्वतीने घरोघरी जाऊन बोलावलं होतं. आजीचा हात धरून तिनेच तिला आणलं. आवडाबाई पदर घट्ट ओढून लांब उभी राहिली. ट्रूडीबाई डोक्यावर मोठी टोपी घालून कठड्याजवळ.

"धोंडिबाकाका," हेमाने साळसूदपणे विचारलं, "खाडीचं पाणी इथे येऊ शकतं का हो?"

धोंडिबाने मिशीवरून हात फिरवला. "माझी उघाडी हाय ती. मुंगी आत यायची नाय."

"बंद आहे ना नक्की?"

"शहरच्या पोरी लय प्रश्न विचारतात. बंद म्हंजे बंद."

सरस्वतीने ओढणी निशाणासारखी हवेत फडकावली. लांब बांधावर गुरुदत्तने ती पाहिली आणि टोपलीभर गुलमोहर खाडीच्या बाजूला, झडपेच्या तोंडाशी, पाण्यात ओतला.

बराच वेळ काहीच झालं नाही. ऊन चटके देत होतं. कुणीतरी जांभई दिली. "चला, जेवायला चला," धोंडिबा म्हणाला. सरस्वती टाचा उंचावून नाल्याकडे बघू लागली. फुलं तिवरांत अडकली असतील तर? आजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि संध्याकाळी तक्रार पोलिसात जाईल.

मग कोरड्या नाल्याच्या वळणावर काहीतरी चकाकलं. पाण्याची एक बारीक जीभ धूळ चाटत पुढे सरकली. मागून दुसरी आली, मग नाला भरू लागला. आणि त्या पाण्यावर, लग्नाच्या वरातीसारखी डुलत, लाल फुलं आली. एक, चार, शेकडो. आवाज नाही, घाई नाही. विहिरीपाशी ती जरा थबकली, गोल फिरली, आणि ढासळलेल्या दगडांतून एकेक करून आत उतरू लागली.

लहान पोरं कठड्याकडे धावली. ट्रूडीबाईने टोपी काढून छातीशी धरली होती.

"माझ्या देशाला समुद्र नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "चंद्र पाणी ओढतो, ते मी शाळेत वाचलं. पण तो माझ्या विहिरीपर्यंत येतो?"

"पुनवेला येतो," आवडाबाई म्हणाली. तीन दिवसांत ती त्या बाईशी पहिल्यांदाच बोलली.

सगळ्या माना मग एकाच वेळी धोंडिबाकडे वळल्या. त्याची मिशी खाली आली. "थोडी बोयटीच..." तो चाचरला. "विहिरीचं माझ्या ध्यानातच आलं नाय. मना वाटलं, खरंच मीठ..."

"ध्यानात नव्हतं, मग म्हातारीचं नाव कसं ध्यानात आलं?" मागून एक बाई कडाडली.

ओहोटी लागताच धोंडिबाने सगळ्यांसमोर दगड काढला. पुढचे तीन दिवस विहीर उपसायची, ढासळलेले दगड बसवायचे, तेही त्यानेच, असं गावाने ठरवलं. ट्रूडीबाईचा नवरा संध्याकाळी आला, आणि सगळं ऐकून त्याने तक्रारीचा कागद फाडून टाकला.

ट्रूडीबाई आवडाबाईच्या ओट्यावर न विचारता येऊन बसली. मग तिने विचारलं, "आवडा, तू जेवलीस का?"

आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय अजून. तू पण नाय जेवलीस. बस, दोघी जेवू." मग तिने तिन्ही पोरांना जवळ ओढलं आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "साठ वर्सं मी खाडी बघतंय. पण तिला फुलं देऊन खरं बोलायला लावलं, ते या पोरांनीच."

"मग होडी?" गुरुदत्तने विचारलं. त्याच्या अंगात अजून तीच चड्डी होती.

"उद्या. आणि हिला पण नेऊ," आवडाबाई म्हणाली. "हिने समुद्र कुठं बघितलाय."

त्या रात्री ट्रूडीबाईने रागाची वही उघडली, आणि नव्या पानावर काळजीपूर्वक एक पूर्ण गोल चंद्र काढला. त्याच्या खाली विहीर, आणि विहिरीत एक लाल फूल.